द्राक्षमद्य आणि मुलखाचें नांव

कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयांत कांशाची एक सुरई आहे. तिच्यावरून नजर फिरवून बहुतेक लोक पुढें जातात आणि पोसायडन या समुद्रदेवाच्या छोट्या मूर्तीपाशीं थांबतात. त्यांचेंहि चुकत नाहीं. समुद्रापासून इतक्या दूर, सह्याद्रीच्या अलीकडे, पंचगंगेच्या कांठीं ग्रीक-रोमन समुद्रदेव सांपडावा ही गोष्ट कोणासहि चकित करील अशीच आहे. परंतु आज मला त्या देवापेक्षां त्या सुरईविषयीं, आणि सुरईपेक्षांहि तिच्यांतून जें ओतलें जाई त्याविषयीं बोलावयाचें आहे.

आमच्या कसबा बावड्याहून नदीच्या कांठानें प्रवाहाच्या उलट दिशेस गेलें म्हणजे ब्रह्मपुरीची टेकडी लागते. जुनें कोल्हापूर तेथें नांदत होतें. प्रा. कुंदणगार यांनीं तेथें केलेल्या खणतींत कांशाच्या वस्तूंचा एक सांठा मिळाला. पुढें १९४५-४६ सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वतीनें डॉ. सांकळिया आणि डॉ. दीक्षित यांनीं टेकडीचें पद्धतशीर उत्खनन केलें. सातवाहनांच्या काळांत हें नगर भरभराटींत होतें व त्याचा पश्चिमेच्या देशांशीं संबंध होता, ही गोष्ट त्यामुळें सिद्ध झाली. ग्रीक लोक अशा सुरईस जें नांव देत, त्याचा अर्थच 'मद्य ओतणारी' असा आहे. इटलीच्या कंपानिया प्रांतांत अशीं भांडीं घडविलीं जात, आणि भोजनप्रसंगीं पेले भरण्याच्या कामीं तीं येत.

भांडें आलें तसें मद्यहि येत असे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत ग्रीक भाषा बोलणाऱ्या एका व्यापाऱ्यानें तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेविली. ती 'पेरिप्लस' या नांवानें अभ्यासकांस परिचित आहे. तींत भडोच बंदरीं उतरणाऱ्या मालांत मद्याची नोंद आहे. इटलीच्या मद्यास तेथें पहिली पसंती असे. त्याखेरीज लाओदिकियाचें व अरबस्तानचें मद्यहि येत असे. राजासाठीं आणावयाच्या मौल्यवान जिनसांतहि उंची मद्याचा उल्लेख आहे. भडोच बंदराचा पैठण आणि तगर, म्हणजे आजचें तेर, या नगरांशीं गाड्यांच्या वाटेनें व्यवहार चाले. हा व्यापार इतका मोठा होता कीं, हिंदुस्थान दरवर्षीं आपल्या साम्राज्याचे पांच कोटि सेस्टर्स ओढून नेतो, अशी तक्रार रोमन ग्रंथकार प्लिनी यानें केली आहे.

श्रोत्यांनीं या नोंदींतील एक बारीक गोष्ट ध्यानांत घ्यावी. तो व्यापारी नुसतें 'मद्य' म्हणून थांबत नाहीं. तें कोणत्या मुलखाचें, हें तो सांगतो. धान्याच्या बाबतींत गहूं म्हटला कीं काम भागतें. मद्याच्या बाबतींत मुलखाचें नांव लागतेंच.

ही दृष्टि परकीयांचीच होती असें मात्र नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सुराध्यक्षाचें एक प्रकरण आहे. त्यांत तांदूळ, गूळ, मध इत्यादींपासून होणाऱ्या मद्यांच्या कृति व प्रमाणें दिलीं आहेत; परंतु द्राक्षरसाच्या मद्याशीं आल्यावर कौटिल्य कृति सांगत नाहीं. त्याची ओळख त्याच्या देशावरूनच पटते, असें सांगून तो 'कापिशायन' आणि 'हारहूरक' हीं दोन नांवें देतो. कापिशी नगरी म्हणजे काबूलच्या उत्तरेकडील प्रदेश, आणि 'कापिशायन' हा शब्द कसा सिद्ध होतो हें सांगण्यासाठीं पाणिनीला एक स्वतंत्र सूत्र रचावें लागलें आहे. मुलखाच्या नांवावरून मद्य ओळखण्याची रीति जी आज आपण फ्रान्सची म्हणून समजतों, ती आपल्या वैयाकरणास आणि अर्थशास्त्रकारास चांगली ठाऊक होती.

आतां त्या फ्रान्सकडे वळूं. इसवी सनापूर्वीं सुमारें ६०० वर्षे, फोकिया नगरांतील ग्रीकांनीं आजच्या मार्सेय येथें वसाहत केली आणि द्राक्षाचा वेल त्या भूमींत रुजविला. पुढें रोमन आले. इसवी सनापूर्वीं ११८ या वर्षीं त्यांनीं नार्बो, म्हणजे आजचें नार्बोन, हें नगर वसविलें, आणि ऱ्होन नदीच्या खोऱ्यानें द्राक्षाची लागवड उत्तरेकडे सरकत गेली. याच मुलखांतील व्यापारी धूर व वनस्पति यांच्या साह्यानें मद्यास खोटा रंग आणि खोटी चव आणतात, असें प्लिनीनेंच लिहून ठेविलें आहे. मुलखाचें नांव झालें कीं त्या नांवाच्या आड भेसळ उभी राहते. एकोणीसशें वर्षांत या नियमास कोठें अपवाद झालेला दिसत नाहीं.

ऱ्होन नदी आल्प्स पर्वतांतून निघून दक्षिणेस भूमध्य समुद्रास मिळते. तिच्या खालच्या अंगास आव्हिन्यों नांवाचें शहर आहे. १३०९ पासून १३७७ पर्यंत ख्रिस्ती धर्माचे पोप रोम सोडून येथें राहिले. त्यांतील बाविसावे जॉन यांनीं शहरापासून कांहीं मैलांवर उन्हाळ्यांत राहण्यासाठीं एक गढी बांधविली. तिचे आज अवशेषच उरले आहेत. परंतु तिच्या पायथ्याच्या गांवास 'शातोनफ-द्यु-पाप' असें म्हणतात. त्याचा अर्थ 'पोपची नवी गढी'. तेथील तांबडें मद्य जगांतील भरदार मद्यांत गणलें जातें.

या गांवची जमीन पाहणारास प्रथम ती जमीन वाटतच नाहीं. पुष्कळ मळ्यांत माती दिसत नाहीं, दिसतात ते गोल गुळगुळीत गोटे. कोणी मुठीएवढे, कोणी नारळाएवढे. प्राचीन काळीं ऱ्होन नदीनें ते पर्वतांतून वाहून आणले. दिवसा ऊन पिऊन ते तापतात आणि रात्रीं ती ऊब वेलींस परत देतात. शिवाय त्यांच्या खालची ओल लवकर उडून जात नाहीं. उत्तरेकडून 'मिस्त्राल' नांवाचा कोरडा, सोसाट्याचा वारा सुटतो. तो फांद्या मोडतो खरा, परंतु पाऊस पडून गेल्यावर घोस वाळवून टाकतो, आणि त्यामुळें बुरशीचा रोग फारसा पसरत नाहीं. वेल ठेंगणे, एकेकटे, झुडपासारखे राखतात. फळ थोडें येतें, पण जें येतें तें गोड आणि दाट रसाचें. आपल्याकडेहि पंचगंगेच्या कांठच्या गाळाच्या जमिनींतील उंसाचा गूळ आणि माळावरच्या उंसाचा गूळ यांतील फरक जाणता मनुष्य हातांत घेऊन सांगतो. तेव्हां जमीन चवींत उतरते हें कोल्हापूरकरांस समजावून सांगण्याची गरज नाहीं.

या मद्याचें दुसरें वैशिष्ट्य असें कीं, तें बहुधा एका जातीच्या द्राक्षाचें नसतें. १९३६ च्या नियमांनीं तेथें तेरा जातींस मान्यता दिली. त्यांत मुख्य तीन: ग्रनाश, सिरा आणि मुर्व्हेद्र. ग्रनाश उन्हांत चांगलें पिकतें, साखर भरपूर धरतें, म्हणून त्याच्या मद्यांत ऊब आणि पिकल्या फळाचा गोडसर वास असतो. पण रंग फिका, आणि मोहोराच्या वेळीं हवा बिघडली तर त्याचा मोहोर गळतो. सिराचा रंग गडद, आणि त्याच्या वासांत मिरीची छटा. मुर्व्हेद्र उशिरां पिकतें. त्यांत तुरटपणा अधिक, आणि तोच मद्यास कणा देतो व वर्षानुवर्षें टिकवितो. एकाचें उणें दुसरें भरून काढतें, आणि एखाद्या वर्षीं एक जात फसली तरी सर्वच बुडत नाहीं. आमच्या घरोघरच्या मसाल्यांत धने, खोबरें, तीळ, मिरची, लवंग यांपैकीं कोणाचाहि वास पुढें येऊं न देणें हीच जशी गृहिणीची परीक्षा, तशीच येथें मिश्रण करणाराची परीक्षा असते.

हें मद्य चाखतात कसें? माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें फ्रान्सहून परत येतांना या मुलखाची एक बाटली आणली होती, आणि जाणकारांची रीति त्यानें मला दाखविली. प्रथम डोळा. पेला पांढऱ्या कागदावर तिरका धरावयाचा. मद्य तरुण असेल तर कडेस जांभळट झांक दिसते, वय झालें असेल तर ती विटेच्या रंगाकडे झुकते. येथें एक गोष्ट सांगण्यासारखी आहे: बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस मुळांत रंगहीनच असतो; तांबडेपणा येतो तो सालींतून, रस सालींसह आंबविल्यामुळें. नंतर नाक. पेला किंचित् फिरवून वास घ्यावयाचा. मला पिकल्या करवंदांची आणि जांभळांची आठवण झाली, आणि मागाहून कुटलेल्या मिरीची. शेवटीं जीभ. एक लहान घोट तोंडांत सर्वत्र फिरवावयाचा. पाणी आणि सायीचें दूध यांच्या वजनांत जिभेस जो फरक जाणवतो, त्यावरून 'भरदार' या शब्दाचा अर्थ कळतो. मग हिरड्यांवर तुरटपणा येतो, जांभूळ खाल्ल्यावर येतो तसा. आणि घशांत ऊब राहते, कारण या मद्यांत शेंकडा १४ ते १५ इतका मद्यार्क असूं शकतो. परीक्षकाचें काम येथेंच संपतें; तो घोट तो पिकदाणींत टाकून देतो. ही सारी विद्या जिभेची असली तरी तींत व्यसनाचा भाग नाहीं, हें पाहून मला समाधान वाटलें. आपल्या गुळाच्या बाजारांतहि जाणता व्यापारी रव्याचा तुकडा फोडून प्रथम रंग पाहतो, मग कणी, मग तो जिभेवर ठेवतो. विद्या एकच, जिन्नस निराळा.

परंतु जिभेची ही विद्या एकट्यानें त्या मुलखाचें रक्षण करूं शकली नाहीं. १८६० नंतरच्या दशकांत दक्षिण फ्रान्समधील वेल एकाएकीं वाळूं लागले. १८६८ सालीं मोंपेलिएचे वनस्पतिशास्त्रज्ञ प्लांशों व त्यांचे सहकारी यांनीं मुळांवरील एक अतिसूक्ष्म पिंवळा कीटक शोधून काढला. तो अमेरिकेहून आला होता. आणि उपायहि शेवटीं अमेरिकेचाच ठरला. तिकडील रानवेलींच्या मुळांस हा कीटक मारूं शकत नाहीं, म्हणून त्या खुंटांवर फ्रेंच जातींचीं कलमें बांधलीं गेलीं. आपल्या सांगली व नाशिक जिल्ह्यांतील बागाइतदार 'डॉगरिज' नांवाचा जो खुंट वापरतात, तोहि मूळचा अमेरिकन रानवेलच आहे. मात्र येथें तो क्षारयुक्त जमीन व पाण्याची टंचाई सोसतो म्हणून वापरतात.

बागा उजाड झाल्या तेव्हां मद्य कमी पडलें, पण पिणारे कमी झाले नाहींत. मग वाळलेल्या मनुका पाण्यांत भिजवून, बीटाची साखर घालून खोटें मद्य होऊं लागलें. कलमें धरून खरें मद्य पुन्हां पिकूं लागलें तरी हा धंदा थांबला नाहीं. भाव कोसळले. १९०७ सालीं दक्षिणेंतील द्राक्षबागाइतदार मार्सेलें आल्बेर नांवाच्या एका साध्या मनुष्याच्या पुढारीपणाखालीं रस्त्यावर आले. ९ जूनला मोंपेलिए येथें सुमारें पांच लाख किंवा त्याहूनहि अधिक लोक जमले. नार्बोन येथें गोळीबार होऊन माणसें मेलीं, आणि एका पलटणीच्या शिपायांनीं हुकूम मोडला, कारण ते त्याच शेतकऱ्यांचे मुलगे होते. त्याच महिन्यांत सरकारनें साखरेच्या भेसळीस आळा घालणारा कायदा केला.

कायदा झाला, परंतु मुलखाचें नांव अजून उघड्यावरच होतें. ऱ्होनच्या कोणत्याहि मद्यावर, किंबहुना कोठल्याहि मद्यावर, 'शातोनफ-द्यु-पाप' अशी चिठ्ठी लावतां येत असे. १९२३ सालीं गांवचे बागाइतदार बॅरन पिएर ल रुआ यांच्याकडे गेले. हे गृहस्थ कायद्याचे पदवीधर, पहिल्या महायुद्धांत विमान चालविलेले आणि गांवांतील एका बागेचे मालक. त्यांनीं जे नियम घालून दिले, त्यांचा बोजा प्रथम गांवकऱ्यांवरच पडणारा होता. ज्या कोरड्या जमिनींत लव्हेंडर आणि थाइम या दोन सुगंधी वनस्पति उगवतात, तेवढीच जमीन या नांवास पात्र. जाती ठरलेल्या, छाटणीची पद्धत ठरलेली. मद्यार्क शेंकडा १२॥ पेक्षां कमी असतां कामा नये. तोडणीच्या वेळीं शेंकडा निदान पांच फळ निवडून टाकून दिलेंच पाहिजे, मग हंगाम कितीहि चांगला असो. पिकलेलें फळ आपल्याच हातानें टाकून द्यावयाचें, ही अट शेतकऱ्यास किती जड जात असेल, हें शेती पाहिलेल्या मनुष्यास सांगावयास नको.

खटला दहा वर्षे चालून १९३३ सालीं वरिष्ठ न्यायालयांत तो गांवच्या बाजूनें लागला. १९३५ सालीं फ्रान्स सरकारनें हीच पद्धत देशभर लागू केली, आणि १९३६ च्या मे महिन्यांत शातोनफ-द्यु-पाप या नांवास पहिल्या कांहीं नांवांबरोबर कायद्याचें संरक्षण मिळालें. पुढें १९५४ सालीं या गांवच्या पंचायतीनें उडत्या तबकड्यांस आपल्या बागांत उतरण्याची बंदी करणारा ठरावहि केला! विनोद सोडला तरी, आपल्या जमिनीबद्दल ते लोक किती दक्ष होते, हें त्यावरून दिसतें.

या सर्वांचा आपल्याशीं संबंध काय, असें कोणी विचारील. तो दोन प्रकारचा आहे. पहिला उघड आहे. फ्रान्सच्या त्या सिरा द्राक्षाचे वेल आज नाशिकच्या परिसरांत उभे आहेत. फ्रान्समध्यें वेल हिंवाळ्यांत आपण होऊन झोपतो. आपल्याकडे तसा हिंवाळा नाहीं, म्हणून बागाइतदार वर्षांतून दोनदां छाटणी करतात. उन्हाळ्यांत खरड छाटणी, पावसाळ्याअखेर फळ छाटणी; आणि पीक एकच, फ्रान्समध्यें वेल निष्पर्ण असतात त्या दिवसांत घेतात. २००१ सालीं महाराष्ट्र सरकारनें या धंद्यास उत्तेजन देण्याचें धोरण जाहीर केलें, आणि पुढें 'नाशिक व्हॅली वाइन' या नांवाची भौगोलिक मानांकनांत नोंद झाली.

दुसरा संबंध अधिक जवळचा आहे, आणि तो मद्य न शिवणाऱ्या घरांसहि लागू आहे. जागतिक व्यापाराच्या १९९४ च्या करारांत मुलखांच्या नांवांचें रक्षण करण्याचें बंधन सर्व राष्ट्रांवर घालण्यांत आलें, आणि त्यांत मद्यांच्या नांवांना तर विशेष संरक्षण दिलें गेलें. त्या बंधनानुसार भारतानें १९९९ सालीं कायदा केला. तो २००३ पासून अंमलांत आला. याच कायद्याखालीं २०१४ सालीं कोल्हापुरी गुळाची नोंद झाली. ऱ्होनच्या कांठच्या गोट्यांत जी कल्पना वाढीस लागली, तिची सावली अशा रीतीनें पंचगंगेच्या कांठच्या गुऱ्हाळापर्यंत येऊन पोहोंचली आहे.

शाहू महाराजांनीं १८९५ सालीं शाहूपुरीची गुळाची बाजारपेठ वसविली, तेव्हां असा कायदा नव्हता. तरीहि कोल्हापुरी गूळ हें नांव देशभर झालें. तें झालें गुळव्याच्या डोळ्यानें. काहिलींतील रस केव्हां उतरवावयाचा हें तो उकळीवरून ओळखीत असे. तें झालें भेंडीच्या रसानें मळी काढण्याच्या चिकाटीनें, आणि नदीकांठच्या जमिनीनें. आज नांवास कायदा आहे. पण गुऱ्हाळें कमी होत चाललीं आहेत, परगांवचा गूळ कोल्हापूरच्या नांवानें विकला जातो, आणि गुळांत साखर विरघळविण्याचीहि तक्रार ऐकूं येते. १९०७ सालीं नार्बोनच्या लोकांस ज्या जिनसेनें बुडविलें, तीच ही जिन्नस. गूळ पिवळाधमक दिसावा असा आग्रह आपण गिऱ्हाइकांनीं धरला, म्हणून तसा गूळ निघूं लागला. हाहि दोष पदरीं घेतला पाहिजे.

कायद्याची चिठ्ठी नांवाची चोरी पकडूं शकते. नांवाची योग्यता निर्माण करूं शकत नाहीं. ती शेंकडा पांच फळ टाकून देण्याच्या तयारींतून येते. शातोनफच्या शेतकऱ्यांनीं न्यायालयाची पायरी चढण्यापूर्वीं स्वतःस नियम लावून घेतला, आणि म्हणूनच न्यायालयासमोर त्यांचा शब्द टिकला. आपल्या गुऱ्हाळवाल्यांनीं, व्यापाऱ्यांनीं आणि आपण खाणारांनींहि तसें एखादें बंधन आपण होऊन पत्करलें, भेसळीचा रवा बाजारांत येतांच तो परत फिरविण्याची रीत पाडली, तर कोल्हापूरचें नांव परमुलखांतहि तितक्याच विश्वासानें घेतलें जाईल. कौटिल्यानें द्राक्षमद्याची ओळख त्याच्या देशावर सोंपविली होती. आपल्या गुळाची ओळखहि देशावरच सोंपविलेली आहे, आणि देश म्हणजे तेथील माती आणि तेथील माणसें, दोन्ही.